बुटांसकट

एलिसेओ बूट घालून झोपतो.
मार्चपासून. आता ऑगस्ट लागला.
उशाशी पाण्याचा पेला, काठोकाठ भरलेला,
म्हणजे जमीन हलण्याआधी
पाणी सांगेल.
आपला जीव भांड्यात पडतो तो संकट टळल्यावर.
त्याचा रोज दिवा मालवला की पेल्यात पडतो,
आणि सकाळपर्यंत तिथेच.

निबाल्दो म्हणतो, शहाणा आहे पोरगा.
चिलीच्या या किनाऱ्यावर जन्मलेल्यानं
आणखी कसं झोपावं?
त्याच्या बापाची पिशवी जन्मभर दाराशी टांगलेली:
बॅटरी, बिस्किटं, नावेचे कागद.
त्याला नेलं होतं का कुणी डॉक्टरकडे?

नाही नेलं.
अंगावर काढलं त्यानं सगळं.
म्हणून तर अजून सांगता येत नाही
तो दारूनं गेला
की दाराकडे बघून बघून.

हे मी मोठ्यानं बोलले नाही.
भांडी घासत राहिले.

शाळेतल्या आउरिस्तेला बाईंनी
घडी करून कागद दिलाय, गुपचूप,
जणू उसने पैसे.
प्रत्येक प्रश्नापुढे चार चौकोन:
कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी.
मूल चिडतं का? कधीकधी. माझ्याएवढं नाही.
जेवतं का? काल पोरोतोसच्या दोन वाट्या, वर पाव.
खेळतं का? खेळतं,
समुद्राकडे पाठ करून.
मित्रांकडे जातं का? जातं,
मित्र तळमजल्यावर राहत असेल तर.
हा 'तर' लिहायला
कागदावर जागाच ठेवलेली नाही.

त्या रात्री आम्ही सगळेच पळालो होतो.
भोंगा वाजला आणि अख्खी गल्ली टेकडीवर,
कोण झोपेच्या कपड्यांत, कोण अनवाणी,
बेकरीवाला रेनेरियो तर कोपरापर्यंत कणकेत.
समुद्र आलाच नाही.
कुणीतरी चहा केला, कुणाला तरी हसू फुटलं,
पहाटे सगळे खाली उतरलो.
पोरं मोजली. बरोबर भरली.
मला हल्ली वाटतं
मोजण्यात चूक झाली असावी.

पण वाटणं म्हणजे कारण नव्हे ना.
साडेसहा वर्षांच्या मुलाला
कुठलीही खोड लागते, सुटते.
माझा भाऊ दोन वर्षं टेबलाखाली जेवायचा,
आज बंदरात क्रेन चालवतो.
पाय थरथरणाऱ्या जमिनीवर आहेत
आणि भीती वाटते,
याला आजार कसं म्हणायचं?
न म्हणावं, तर कधीपर्यंत?

रविवारी हट्टानं बूट काढले, धुवायला.
लाथा झाडल्या त्यानं, चावला मनगटाला.
आत बोटं एकावर एक चढलेली,
कातडी पांढरी, भिजलेल्या पावासारखी.
एकतीस नंबरचे बूट.
पाय तेहतीसचा.
नवे बूट जूनपासून पलंगाखाली खोक्यात पडून आहेत.
का रे घालत नाहीस?
तो माझ्याकडे असा बघतो
की मीच जरा कमी समजते.
"त्यांना टेकडीचा रस्ता माहीत नाही."

सोमवारी दवाखान्यात फोन केला.
तातडीचं आहे का, पलीकडच्या बाईनं विचारलं.
नाही म्हणाले.
मग म्हणाले, हो.
मग कसं कोण जाणे, तोंडातून निघालं,
बूट लहान झालेत.
ती थांबली. पानं उलटल्याचा आवाज.
सप्टेंबर, दुसरा गुरुवार, सव्वानऊ.
मुलाला काय सांगू, विचारलं, तोवर तिनं ठेवला होता.

निबाल्दोला तारीख सांगितली.
तो जाळ्याची गाठ सोडवत बसला होता,
तसाच बसून राहिला.
गुरुवारी माझी पाळी असते, एवढंच म्हणाला.

रात्री पाणी प्यायला उठले
तर तो पोराच्या पलंगाशी गुडघ्यांवर,
अंधारात,
बुटांच्या नाड्या सैल करत होता,
एकेक छिद्र,
श्वास रोखून,
पेल्यातलं पाणी हलू नये म्हणून.